नीळ आणि चेहरा
आजच्या संयुक्त अरब अमिरातींच्या किनाऱ्यावर विवाहित स्त्रिया ‘बत्तूला’, म्हणजे कपाळ, नाक व वरचा ओठ झाकणारा मुखवटा, वापरत. त्याचे नीळ चढवून सोनेरी झाक आणलेले कापड भारतातून जाई आणि नाकावरची ताठ पट्टी खजुराच्या झावळीच्या दांड्यातून तासलेली असे. घामाने ती नीळ गालांवर उतरे, परंतु हा डाग दोष न ठरता त्वचेला हितकर व शोभादायक मानला जाई, ही बाब गोरेपणाच्या मलमांना सरावलेल्या वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावी. डोळ्यांच्या खाचा व कडा चेहऱ्याची ठेवण पाहून कातरल्या जात. तेलाचा पैसा आला, १९७१ मध्ये संघराज्य स्थापन झाले, मुलींचे शिक्षण वाढले, आणि तरुणींमध्ये ही प्रथा ओसरली. वृद्ध स्त्रियांनी मात्र ती सोडली नाही.