मुळशी म्हणजे फक्त धबधबे नव्हेत! गर्दीपलीकडची ही ठिकाणे माहीत आहेत का?

पावसाळ्यात शनिवार-रविवारी पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे गाड्यांची रांग लागते. धरणाजवळ फोटो, घाटातल्या धबधब्यात भिजणे आणि गरमागरम कणीस, एवढ्यावर बहुतेकांची मुळशी संपते. पण याच तालुक्यात किल्ले आहेत, उभ्या कातळभिंती आहेत आणि शंभर वर्षांपूर्वीच्या एका लढ्याची आठवणही आहे.

जलाशयाखाली काय आहे?

मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांच्या कंपनीने मुळा नदीवर हे धरण बांधायला घेतले. त्यात भाताची खाचरे आणि गावे बुडणार होती. त्याविरोधात 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. या लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही ओळख दिली. धरण मात्र झालेच. पुण्याकडे वाहणारे पाणी इथे अडवून पश्चिमेकडे वळवले जाते आणि घाटाखाली, रायगड जिल्ह्यातल्या भिरा इथे त्यावर वीज तयार होते. ज्या निळ्याशार पाण्यासमोर सेल्फी काढले जातात, त्याखाली शेतकऱ्यांची जमीन आहे.

कोरीगड, घनगड आणि तैलबैला

ही तिन्ही ठिकाणे मुळशी तालुक्यातच आहेत. पण तिथे जाणारे बरेच जण लोणावळ्याहून जातात, म्हणून त्यांना 'लोणावळ्याचे किल्ले' समजले जाते.

कोरीगड : पायथ्याला पेठ शहापूर गाव. वर जायला पायऱ्या आहेत, त्यामुळे नवख्यांनाही जमतो. माथ्यावर कोराईदेवीचे मंदिर, तळी, तोफा आणि गडाभोवती फिरणारी तटबंदी आहे.

घनगड : एकोले गावाजवळचा हा छोटा किल्ला पेशवाईत कैदी ठेवण्यासाठी वापरला जाई. वाटेत गारजाई देवीचे मंदिर लागते. वरचा एक टप्पा शिडीने चढावा लागतो. कोरीगड आणि घनगड हे दोन्ही किल्ले 1818 मध्ये इंग्रजांनी घेतले.

तैलबैला : शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन प्रचंड कातळभिंती. जमिनीच्या भेगेत शिरलेला लाव्हा थिजला, आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि या भिंती उरल्या. मधल्या खिंडीपर्यंत चालत जाता येते. माथ्यावर जायला मात्र दोर, साहित्य आणि प्रशिक्षित गिर्यारोहक सोबत हवेत.

कधी जावे?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो आणि दाट धुक्यात वाट चुकते. ताम्हिणी परिसर 2013 मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. अंधारबनसारख्या जंगलवाटा पावसाळ्यात प्रशासन अनेकदा बंद ठेवते. त्यामुळे निघण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी.

जाताना एवढे लक्षात ठेवा

- अंधार पडण्याआधी खाली उतरा. अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते.
- गावातलाच वाटाड्या घ्या आणि जेवण गावातल्या घरी सांगा. वाट चुकणार नाही आणि चार पैसे गावात राहतील.
- भातखाचरांच्या बांधावर गाडी लावू नका, रोपांत उतरून फोटो काढू नका.
- प्लॅस्टिकच्या बाटल्या परत आणा. या वाड्यांमध्ये कचरागाडी येत नाही.

गर्दी नसलेली ठिकाणे शांत असतात, पण तिथे मदतही उशिरा पोहोचते. म्हणून कुठे जाणार आणि कधी परतणार, हे घरी सांगूनच निघावे.