कॉर्पोरेट ग्रंथालयातील इलेक्ट्रॉनिक संसाधनांचे व्यवस्थापन

कॉर्पोरेट ग्रंथालयातील इलेक्ट्रॉनिक संसाधनांचे व्यवस्थापन म्हणजे उद्योगसंस्थेच्या ग्रंथालयाने इलेक्ट्रॉनिक नियतकालिके, ई-पुस्तके, डेटाबेस, तांत्रिक मानके, पेटंट-संग्रह व बाजारविषयक अहवाल यांची निवड करणे, त्यांच्या वापराचा परवाना मिळवणे, पात्र कर्मचाऱ्यांना ती उपलब्ध करून देणे आणि त्यांच्या वापराचे मूल्यमापन करणे होय. ग्रंथालयशास्त्रात अशा ग्रंथालयांची गणना विशेष ग्रंथालयांत केली जाते. औषधनिर्मिती, रसायने, अभियांत्रिकी, वित्त आणि विधी या क्षेत्रांतील संस्थांमध्ये ती प्रामुख्याने आढळतात. छापील ग्रंथ विकत घेतला की ती प्रत ग्रंथालयाच्या मालकीची होते. इलेक्ट्रॉनिक संसाधनाच्या बाबतीत मात्र बहुधा ठरावीक मुदतीचा वापराचा हक्क तेवढा मिळतो. या क्षेत्रातील बहुतेक प्रश्न या एका फरकातून उद्भवतात.

पार्श्वभूमी

अमेरिकेत जॉन कॉटन डाना यांच्या पुढाकाराने १९०९ साली स्पेशल लायब्ररीज असोसिएशनची स्थापना झाली. भारतात विशेष ग्रंथालयांची संघटना, इंडियन असोसिएशन ऑफ स्पेशल लायब्ररीज अँड इन्फर्मेशन सेंटर्स, १९५५ साली कोलकाता येथे स्थापन झाली.

संगणकाद्वारे दूरस्थ माहितीशोधाची व्यावसायिक सेवा विशेष ग्रंथालयांनी लवकर स्वीकारली. लॉकहीड कंपनीची डायलॉग ही सेवा १९७२ पासून, तर विधिविषयक माहितीची लेक्सिस ही सेवा १९७३ पासून उपलब्ध झाली. त्या काळी जोडणीच्या वेळेनुसार शुल्क आकारले जाई. त्यामुळे शोध घेण्याचे काम प्रशिक्षित ग्रंथपालच करीत. १९९० च्या दशकात वेबचा प्रसार झाल्यावर कर्मचारी स्वतःच्या मेजावरून शोध घेऊ लागले. ग्रंथपालाचे काम त्यामुळे संपले नाही. त्याचे स्वरूप बदलले. शोध घेऊन देण्याऐवजी प्रवेशाची व्यवस्था लावणे आणि ती कायदेशीर राखणे, ही त्याची मुख्य जबाबदारी झाली.

परवाना करार

संसाधनाचा वापर कोणी, कोठून आणि कशासाठी करावा हे परवाना करारात नमूद असते. शैक्षणिक संस्थांना दिल्या जाणाऱ्या दरात व सवलतीत कंपन्यांना तीच सामग्री सहसा मिळत नाही. कंपनीसाठीची किंमत वापरकर्त्यांची संख्या, कार्यालयांची संख्या किंवा एकाच वेळी वापर करू शकणाऱ्यांची मर्यादा यांवर ठरते. करार करताना पुढील बाबी तपासल्या जातात :

• अधिकृत वापरकर्ता कोण? कंत्राटी कर्मचारी, सल्लागार आणि उपकंपन्यांचे कर्मचारी यांचा त्यात समावेश आहे का?
• लेखाची प्रत सहकाऱ्याला, ग्राहकाला किंवा शासकीय नियामकाला पाठवता येते का?
• वर्गणी बंद केल्यावर जुने अंक वाचता येतात का?
• मजकूर संगणकीय विश्लेषणासाठी किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांसाठी वापरता येतो का?
• कंपनीचे विलीनीकरण किंवा विभाजन झाल्यास करार कोणाकडे जातो?

शेवटचा मुद्दा कॉर्पोरेट ग्रंथालयांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. कंपनी दुसरीत विलीन झाली की वापरकर्त्यांची संख्या एकाएकी वाढते. जुना करार नव्या कर्मचाऱ्यांना लागू होतोच असे नाही. त्यामुळे विलीनीकरणाच्या वेळी सर्व करारांची फेरतपासणी करावी लागते. करारांच्या अटी, मुदती व नूतनीकरणाच्या तारखा यांची पद्धतशीर नोंद ठेवण्यासाठी संसाधन व्यवस्थापन प्रणाली वापरतात. अशा प्रणालींत कोणत्या नोंदी असाव्यात याचा आराखडा अमेरिकेतील डिजिटल लायब्ररी फेडरेशनने २००४ च्या अहवालात मांडला.

प्रवेशाच्या पद्धती

वापरकर्ता अधिकृत आहे हे प्रकाशकाच्या संकेतस्थळाला पटवून देण्याच्या प्रमुख पद्धती पुढीलप्रमाणे आहेत.

आयपी पत्त्यावर आधारित प्रवेश : कंपनीच्या जाळ्याचे आयपी पत्ते प्रकाशकाकडे नोंदवलेले असतात. कार्यालयातून संकेतस्थळ उघडल्यास वेगळा पासवर्ड लागत नाही. घरून काम करणाऱ्याला मात्र ही सोय थेट मिळत नाही.

प्रॉक्सी आणि व्हीपीएन : बाहेर असलेला कर्मचारी प्रथम कंपनीच्या सर्व्हरशी जोडला जातो आणि त्यामार्फत संसाधनापर्यंत पोहोचतो. प्रकाशकाला ही विनंती कंपनीच्या जाळ्यातून आल्याचे दिसते.

एकल साइन-ऑन : कंपनीच्या एकाच खात्याने अनेक संसाधने उघडतात. येथे जागेपेक्षा व्यक्तीची ओळख महत्त्वाची ठरते. कर्मचाऱ्याने नोकरी सोडली आणि त्याचे खाते बंद झाले की त्याचा प्रवेशही संपतो.

सामायिक पासवर्ड : लहान प्रकाशकांच्या सेवांसाठी ही पद्धत अद्याप आढळते. पासवर्ड अनधिकृत व्यक्तींपर्यंत पोहोचण्याचा आणि नोकरी सोडलेल्यांकडेही राहण्याचा धोका असल्याने ती सर्वांत असुरक्षित समजली जाते.

प्रवेश मिळाल्यानंतरही नेमका लेख सापडावा लागतो. त्यासाठी ओपनयूआरएल हे मानक उपयोगी पडते. संदर्भसूचीतील नोंदीवरून ते वाचकाला त्याच्या संस्थेकडे परवाना असलेल्या प्रतीकडे नेते. ही सोय नसल्यास कंपनीने ज्या लेखासाठी वर्गणी भरली आहे, तोच लेख कर्मचारी पुन्हा पैसे देऊन घेतो.

वापराचे मोजमाप

वेगवेगळ्या प्रकाशकांची वापराची आकडेवारी परस्परांशी तुलना करण्याजोगी असावी, या हेतूने २००२ साली काउंटर हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. त्याच्या नियमांनुसार तयार झालेल्या अहवालांवरून प्रतिवापर खर्च काढता येतो. समजा, एका नियतकालिकाची वार्षिक वर्गणी ६,००,००० रुपये आहे आणि वर्षभरात ३०० लेख वाचले गेले. तर प्रतिलेख खर्च २,००० रुपये येतो. तोच लेख सुटा घेतल्यास ३,००० रुपये पडत असतील, तर वर्गणी किफायतशीर ठरते. वाचन १०० लेखांवर आल्यास खर्च प्रतिलेख ६,००० रुपये होतो आणि सुटी खरेदी परवडते.

हा हिशेब एकमेव निकष मानला जात नाही. एखादे सुरक्षाविषयक मानक वर्षातून एकदाच पाहिले जाते. परंतु ते वेळेवर न मिळाल्यास होणारी हानी वर्गणीच्या कितीतरी पट असू शकते.

प्रताधिकार आणि न्यायनिर्णय

नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेत संशोधनासाठी केलेली प्रतही प्रताधिकाराचा भंग ठरू शकते, हे अमेरिकेतील दोन खटल्यांवरून स्पष्ट झाले.

पहिला खटला अमेरिकन जिओफिजिकल युनियन विरुद्ध टेक्साको हा होय. टेक्साको या तेल कंपनीतील एका शास्त्रज्ञाने वर्गणी भरलेल्या नियतकालिकातील आठ लेखांच्या छायाप्रती स्वतःच्या संग्रहासाठी काढून घेतल्या होत्या. १९९४ साली अपील न्यायालयाने हा न्याय्य वापर नसल्याचा निर्णय दिला. कॉपीराइट क्लिअरन्स सेंटर या संस्थेमार्फत परवाना घेण्याची सोय उपलब्ध होती, ही बाब न्यायालयाने विचारात घेतली.

दुसरा खटला लोरीज रिपोर्ट्स विरुद्ध लेग मेसन हा होय. लेग मेसन या वित्तसंस्थेने शेअर बाजारविषयक एका वार्तापत्राची एकच वर्गणी घेऊन ते अंतर्गत जाळ्यावर व ई-मेलने कर्मचाऱ्यांत वाटले. २००३ साली ज्यूरीने सुमारे १ कोटी ९७ लाख डॉलरची भरपाई ठरवली. काही प्रती कंपनीच्या धोरणाविरुद्ध काढल्या गेल्या, हा बचाव कंपनीला दायित्वातून सोडवू शकला नाही. प्रवेशाचे नियम लिहून ठेवणे पुरेसे नसते. कर्मचाऱ्यांना ते समजावून देणे आणि वैध मार्ग सुलभ करणे आवश्यक असते, हा या प्रकरणाचा बोध मानला जातो.

भारतातील स्थिती

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार संशोधनासह खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेला उचित वापर हा भंग मानला जात नाही. ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवण करण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिली. परंतु ती बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयांपुरती आहे. परिणामी कंपन्यांच्या ग्रंथालयांना मुख्यतः परवान्यावरच अवलंबून राहावे लागते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेत ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या सुमारे १३,००० ई-नियतकालिकांचा समावेश असून २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. ही योजना शासकीय उच्च शिक्षणसंस्था व केंद्र शासनाच्या संशोधनसंस्था यांच्यासाठी आहे. विद्यापीठातून खासगी कंपनीत गेलेल्या संशोधकाला विद्यापीठात उपलब्ध असलेली नियतकालिके तेथे मिळतीलच असे नाही. ती मिळवून देण्याचा भार कंपनीच्या ग्रंथालयावर पडतो.

गोपनीयता

कर्मचारी कोणते पेटंट किंवा कोणते रासायनिक संयुग शोधतात, यावरून कंपनीच्या आगामी संशोधनाची दिशा उघड होऊ शकते. म्हणून शोधाच्या नोंदी सेवा पुरवणाऱ्याने किती काळ ठेवाव्यात व कोणाला दाखवाव्यात, याविषयीची कलमे करारात घातली जातात.

मुक्त प्रवेश

बुडापेस्ट येथून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या घोषणापत्रानंतर मुक्त प्रवेशाच्या चळवळीला वेग आला. मुक्त लेख कोणालाही विनाशुल्क वाचता येतात. तथापि काही लेखांचे परवाने व्यावसायिक वापराला मनाई करतात. त्यामुळे लेख मोफत असला, तरी कंपनीच्या ग्रंथपालाला त्याचा परवाना वाचावाच लागतो.

हे सुद्धा पहा

• ग्रंथालयशास्त्र
• विशेष ग्रंथालय
• प्रताधिकार
• मुक्त प्रवेश