किनाऱ्यावरचा शिलालेख

आम्ही वसईकर आगाशीच्या देरासराला जातो, तेव्हा वाटेत सोपारा लागतं. हे प्राचीन बंदर. १८८२ मध्ये इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, तर १९५६ मध्ये भुईगावच्या किनाऱ्यावर नवव्याचा.

नववा लेख जणू आपल्यालाच सांगतो : बायका पुष्कळ मंगलविधी करतात, पण त्यांचं फळ थोडं. खरं मंगल म्हणजे नोकरांशी नीट वागणं, गुरूंचा मान, जीवांबाबत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान.

गेल्या पर्युषणात माझी अठ्ठाई होती. पावसामुळे किनाऱ्यावरच्या गावातून येणाऱ्या कामवालीला उशीर झाला, आणि मी तिला नको ते बोलले. उपवास आठही पुरे झाले. संयम तिसऱ्याच दिवशी सुटला होता. यंदाचं पहिलं मिच्छामि दुक्कडं तिला.