दाखला आणि शिदोरी

आम्हां शिक्षकांना दर उन्हाळ्यात शाळा सोडल्याचे दाखले लिहावे लागतात. दाखला घेऊन मूल गाव बदलते. त्याची इयत्ता काही बुडत नाही. परिचारिकेच्या विद्येला मात्र असा दाखला सहजी लाभला नाही. आमच्या दोडामार्गाकडे पाहिले म्हणजे याचे मर्म कळते.

१९३५ साली मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. पण हा मुलूख १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानात. आणि वेशीपलीकडे गोव्यात १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजांचा अंमल. दोन कोसांत राज्य बदले, कायदा बदले!

१९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याने, मान्य ठरलेली पात्रता कोणत्याही राज्याच्या नोंदवहीत चालेल, असे ठरवले. मोठे काम झाले. परंतु वाचकहो, हा मान पुऱ्या झालेल्या शिक्षणाचा. वडिलांची बदली, लग्न, आजारपण यांपायी जिला मध्येच संस्था बदलावी लागते, तिने रात्रपाळीत रुग्णाच्या उशाशी काढलेल्या तासांचा हिशेब कोणी धरायचा?

उत्तराची दिशा जुनीच आहे. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन निघाले. तिथल्या मुली परिचर्या शिकायला ससून रुग्णालयात जात. आधार एका संस्थेचा, शिक्षण दुसरीत. परस्परांवर भरवसा टाकल्याखेरीज हे निभते ना. संस्था बदलणाऱ्या मुलीलाही आज तोच भरवसा हवा. हातात मुरलेली विद्या काही वेशीवरच्या नाक्यावर उतरवून ठेवता येत नाही.