बुऱ्हाणपूरचा पाण्याचा बोगदा

नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रांतातच बुऱ्हाणपूर होते. तेथे १६१५ च्या सुमारास, जहांगीर बादशहाच्या अमदानीत, सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारातून, नुसत्या उताराने शहरात आणले. ना मोट, ना रहाट! भुयारावर ओळीने विहिरी ठेवल्या, त्या कुंड्या. पाण्यातला चुना भिंतींवर बसतो, वाट अरुंद होते. तो काढायचा तर कुंडीतूनच उतरायचे. वरची रांग पाहूनच खालचे भुयार कळते. कुंडी बुजली, की दुरुस्ती करणाऱ्याने खणायचे तरी कुठे?

गुरुजी, तुमच्या गावातही जुने पाट, विहिरी ठाऊक असलेली म्हातारी माणसे असतील. मुलांना त्यांच्याकडे पाठवा. ठिकाण, खोली, पाण्याची दिशा लिहून घ्या. माणूस गेल्यावर विचारणार कुणाला?