अडचणीचे निदान : शहापूर-मुरबाडच्या शाळा आणि छात्राध्यापकाची विचारपद्धती

१

शिक्षणाच्या इतिहासात कायदे, समित्या, पाठ्यक्रम आणि परीक्षा यांची नोंद विपुल आढळते. वर्गात अडचण उभी राहिली असता शिकाऊ शिक्षक तिचा विचार कोणत्या रीतीने करतो, या प्रश्नाचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. वस्तुतः शिक्षकाचे सारे प्रशिक्षण अखेरीस याच क्षणी कसोटीस लागते. मूल बोलत नाही, मूल येत नाही, मूल उठून निघून जाते. अशा वेळी छात्राध्यापक प्रथम स्वतःस कोणता प्रश्न विचारतो, यावर त्याचे पुढील सर्व वर्तन अवलंबून असते.

विचाराचा आरंभ पेचातून होतो, हे जॉन ड्यूई यांनी १९१० च्या आपल्या ‘हाऊ वुई थिंक’ या ग्रंथात प्रतिपादिले. पुढे १९८३ मध्ये डोनाल्ड शॉन यांनी असे दाखविले की, व्यवसायात तयार प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी प्रश्न नीट मांडणे हेच अवघड काम असते. हे दोन्ही विचार परदेशात ग्रंथरूपास आले. परंतु त्यांची सत्यता पडताळून पाहण्यास ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागाइतके उद्बोधक क्षेत्र महाराष्ट्रात विरळाच. येथील शैक्षणिक इतिहासाचे अवलोकन केले असता अडचणीचे निदान करण्याच्या तीन रीती स्पष्ट दिसतात. पहिली दोष मुलात पाहते, दुसरी परिस्थितीत पाहते आणि तिसरी शाळेच्या मांडणीत पाहते. या तीन रीतींचा उगम व त्यांचे परिणाम पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

२

शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील, सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. मुंबईस पाणी पुरविणारे तानसा व भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. मुरबाडची पूर्व सीमा माळशेज व नाणेघाट यांच्या डोंगररांगेस भिडलेली आहे. कुणबी व आगरी यांच्याबरोबर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली यांची वस्ती येथील वाड्यापाड्यांत पसरलेली आहे. १९३५ च्या भारत सरकारच्या कायद्यान्वये ‘अंशतः वगळलेला प्रदेश’ म्हणून जे भाग घोषित झाले, त्यांत शहापूर तालुक्याचा समावेश होता. स्वातंत्र्यानंतर अनुसूचित क्षेत्रातही संपूर्ण शहापूर आणि मुरबाडमधील काही गावे आली.

या प्रदेशातील शाळेचा विचार करताना येथील वर्षाचे चक्र ध्यानी घेणे आवश्यक आहे. उन्हाळ्यात राब भाजला जातो, आषाढात भाताची आवणी होते, आश्विन-कार्तिकात कापणी. कापणी व दिवाळी आटोपली की, ज्यांच्यापाशी जमीन नाही किंवा अपुरी आहे अशी कुटुंबे, विशेषतः कातकरी, उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलमध्ये परीक्षेने संपते. म्हणजे ज्या महिन्यांत अभ्यासाचा मुख्य भाग पुरा व्हावयाचा, त्याच महिन्यांत या घरांतील मूल गावाबाहेर असते. हजेरीपटावर जे ‘गैरहजर’ म्हणून दिसते, ते वास्तविक दोन पंचांगांमधील विरोधाचे चिन्ह होय.

या विरोधाच्या मुळाशी केवळ दारिद्र्य नव्हते. डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातील आदिवासी व डोंगरी जमातींच्या स्थितीविषयी १९३९ मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात कर्ज, वेठ आणि सावकार-जमीनदारांची पकड यांचे दारुण चित्र आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी माणूस वर्षानुवर्षे धन्याच्या घरी राबे, ही ‘लग्नगडी’ची पद्धत याच प्रदेशातील. त्या घरातील मुलाच्या अनुपस्थितीस ‘शिक्षणाविषयी अनास्था’ हे नाव देणे म्हणजे रोगाऐवजी लक्षणास नाव देणे होय.

३

मग हे नाव रूढ का झाले? याचे एक कारण शिक्षकाच्या प्रशिक्षणात सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई इलाख्यातील ट्रेनिंग कॉलेजांतून जो शिक्षक तयार होऊ लागला, त्याच्यापुढे आदर्श होता तो सुव्यवस्थित वर्गाचा. पुढे हर्बार्ट (१७७६–१८४१) या जर्मन तत्त्वज्ञाच्या अनुयायांनी रूढ केलेली पंचपदी आपल्या अध्यापन विद्यालयांत स्थिरावली. प्रस्तावना, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन या पाच पायऱ्यांनी पाठाचे टाचण काढावे, सराव पाठ घ्यावा आणि निरीक्षकाने त्यावर शेरा द्यावा, असा हा क्रम होता. या पद्धतीने अध्यापनास शिस्त आणली, हे नाकारता येणार नाही. परंतु तिच्यात एक उणीव राहिली. टाचणात मुलाचे अपेक्षित उत्तर आधीच लिहिलेले असे. ते उत्तर आले नाही तर काय करावे, यास टाचणात जागा नव्हती. साहजिकच उत्तर न देणारे मूल हे पाठाच्या मार्गातील विघ्न ठरे, आणि छात्राध्यापकाचा विचार ‘मूल मंद आहे’ किंवा ‘मूल हट्टी आहे’ येथे येऊन थांबे.

यातील विसंगती विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पंचपदीची पहिली पायरी मुलाच्या पूर्वज्ञानावर उभी आहे. ठाकूर किंवा कातकरी मुलाचे पूर्वज्ञान थोडे नसते. रानातील कंद, कारवी, मासे धरण्याची साधने, पाखरांचे आवाज, गुरांच्या सवयी यांची त्यास जी ओळख असते, ती पुष्कळदा शिक्षकास नसते. तेव्हा पद्धतीचे शब्दशः नव्हे तर अर्थतः पालन केले असते, तर वर्गाचे दार याच पायरीवर उघडले असते. पद्धत अपुरी होती त्याहून तिचा उपयोग अपुरा होता.

या धोक्याची जाणीव महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्येच करून दिली होती. हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, त्यास पुरेसे वेतन मिळावे आणि तो शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावा, अशी मागणी केली. कारण असा शिक्षक लोकांत मिसळू शकतो आणि त्यांच्या गरजा व इच्छा त्यास अधिक कळतात. या मागणीत सामाजिक न्यायाची दृष्टी आहेच. परंतु तिच्यात ज्ञानविषयक मुद्दाही आहे. मुलाच्या घराची माहिती ही शिक्षकाच्या सौजन्याची बाब नसून त्याच्या निदानाचे साधन आहे, हा तो मुद्दा होय.

४

फुल्यांच्या या मुद्द्यास संस्थारूप मिळण्यास सहा दशकांहून अधिक काळ लागला, आणि तेही याच जिल्ह्यात, परंतु पश्चिम टोकास, डहाणू तालुक्यात. हा तालुका २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता व त्यानंतर नव्या पालघर जिल्ह्यात गेला. शहापूरप्रमाणेच तोही अंशतः वगळलेल्या प्रदेशात मोडत असे. त्यामुळे तेथील अनुभव पूर्वेकडील तालुक्यांस परका नाही.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केले होते व १९३६ पासून दादरच्या शिशुविहारात शहरी बालशिक्षणाचा पाया घातला होता. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्याच १९४५ साली डहाणू-उंबरगाव भागात वेठीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला होता. अर्थात शाळा व शेत यांतील संबंध या भूमीत कोणासही दृष्टिआड करता येण्याजोगा नव्हता.

बोर्डी-कोसबाडच्या कार्याचे वर्णन बहुधा सेवाभावाच्या अंगाने केले जाते. येथे त्याचा विचार तर्काच्या अंगाने करणे इष्ट आहे. मुले बालवाडीत येत नाहीत, ही पहिली अडचण. ‘मुलांना कसे आणावे?’ असा प्रश्न केला तर उत्तर सक्ती किंवा खाऊ. ‘मुले जेथे आहेत तेथे बालवाडी नेता येईल काय?’ असा प्रश्न केला तेव्हा बालवाडी पाड्यातील अंगणात गेली आणि अंगणवाडीची कल्पना साकार झाली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने हेच नाव देशभर नेले. मोठी बहीण धाकट्यास कडेवर घेऊन येते किंवा त्याच्यासाठी घरीच राहते, ही दुसरी अडचण. तिचे उत्तर म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. मुलगा गुरांमागे जातो, ही तिसरी. तेव्हा शिक्षक कुरणात गेला व कुरणशाळा जन्मास आली. माँटेसरीची मूल्यवान साधने पाड्यात परवडणारी नव्हती. त्यांची जागा बिया, खडे, शिंपले व पाने यांनी घेतली.

या चारही उदाहरणांत विचाराची चाल एकच आहे. बाह्य कारण मान्य करावयाचे; ते आपल्या हाती नाही हेही मान्य करावयाचे; आणि मग शाळेच्या मांडणीपैकी स्थळ, वेळ, साधन, भाषा यांतील काय बदलता येईल, ते शोधावयाचे. हीच निदानाची तिसरी रीत. दारिद्र्य नाहीसे करण्याचे सामर्थ्य बालवाडीत नव्हते. परंतु दारिद्र्य व शाळा यांचा प्रत्यक्ष सांधा कोठे अडतो, हे पाहण्याची दृष्टी होती.

५

या रीतीचे महत्त्व दुसऱ्या रीतीशी तुलना केल्यावर अधिक स्पष्ट होते. मुलास दोष देणे आज शिष्टसंमत राहिलेले नाही. त्याची जागा पुष्कळदा परिस्थितीस दोष देण्याने घेतली आहे. ‘पालक स्थलांतर करतात, घरी अभ्यासाचे वातावरण नाही, तेव्हा शिक्षक काय करणार?’ हे वाक्य सहानुभूतीचे वाटते व बहुतांशी सत्यही असते. परंतु त्याचा व्यवहारातील परिणाम पहिल्या रीतीहून वेगळा नसतो. दोन्हींत विचार थांबतो आणि मूल होते तेथेच राहते. छात्राध्यापकाच्या दृष्टीने ही दुसरी रीत अधिक फसवी होय. कारण तीत तो स्वतःस समाजाभिमुख समजत असतानाच शिक्षक म्हणून निष्क्रिय होत असतो.

मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातील एखाद्या द्विशिक्षकी शाळेत छात्राध्यापकापुढे सहज उभा राहील असा प्रसंग घ्यावा. दुसरीतील कातकरी मुलगी पंधरा दिवस एक अक्षर बोलत नाही. तिच्या घरची कातकरी बोली व पाठ्यपुस्तकाची प्रमाण मराठी यांत अंतर आहे. पहिली रीत म्हणेल, ती बुजरी आहे. दुसरी म्हणेल, तिच्या घरी शिक्षण नाही. तिसरी रीत आधी माहिती मागेल. ती मधल्या सुटीत मैत्रिणींशी बोलते काय? बोलत असेल तर प्रश्न वाचेचा नसून वर्गाच्या भाषेचा आहे. प्रश्न समजूनही ती गप्प राहते काय? तसे असेल तर चुकण्याची भीती आहे. वस्तू हाती देऊन मोजावयास सांगितल्यास ती मोजते काय? मोजत असेल तर गणित येते, त्याचे शब्द येत नाहीत. प्रत्येक प्रश्नाबरोबर उपाय बदलतो. यात प्रतिभेची गरज नाही. निष्कर्ष पुढे ढकलण्याच्या सवयीची आहे. ही सवय मात्र शिकवावी लागते, कारण एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकास झटपट निष्कर्ष हाच विसावा वाटतो.

६

येथे एक आक्षेप संभवतो. कोसबाडची संस्था स्वयंसेवी होती. तिला वेळ व स्थळ बदलण्याची मुभा होती. सरकारी शाळेतील शिक्षकास ती कोठून असावी? हा आक्षेप रास्त आहे, आणि इतिहास त्यास दुजोरा देतो. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यात सक्तीच्या क्षेत्रातील मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंडाची तरतूद होती. म्हणजे गैरहजेरीचे निदान कायद्यानेच करून ठेवले होते. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने प्रशिक्षण संस्था विद्यापीठांपासून, शाळांपासून व परस्परांपासूनही तुटलेल्या आहेत, या दोषावर बोट ठेवले. जेथे छात्राध्यापकाचा पाठ एका दिवसाचा पाहुणा असतो, तेथे दिवाळीनंतर रिकाम्या होणाऱ्या बाकाचा विचार त्याच्या वाट्यास येतच नाही.

पुढील काळात कायद्याची दिशा पालटली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने स्थलांतरित कुटुंबांतील मुलांस प्रवेश देण्याचे कर्तव्य स्थानिक प्राधिकरणावर टाकले, वयानुरूप वर्गात प्रवेश दिला, शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आणि शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे सांगितले. दोषाचा भार पालकावरून राज्यावर आला. स्थलांतरितांच्या मुलांसाठी महाराष्ट्रात हंगामी वसतिगृहांची योजनाही आली. त्याआधी १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर ‘भोंगा शाळा’ चालविल्या होत्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराचे तात्पुरते खोपट. कुरणशाळेने गुराख्याच्या बाबतीत जो विचार केला, तोच भोंगा शाळेने वीटमजुराच्या मुलाच्या बाबतीत केला. मुलाचे काम बदलले, विचाराची चाल तीच राहिली.

तथापि कायदा बदलल्याने निदानाची सवय आपोआप बदलत नाही. प्रशिक्षणात आता शालेय अनुभवास पूर्वीपेक्षा अधिक अवधी मिळतो. परंतु त्या अवधीची नोंदवही जर घेतलेल्या पाठांच्या संख्येने भरणार असेल, तर जुनी पंचपदीच नव्या वेष्टनात परत येईल. त्या नोंदवहीत एका मुलाच्या एका अडचणीचा माग राहिला पाहिजे. आरंभी कोणते कारण मानले, कोणत्या माहितीने ते बदलले, शाळेच्या हाती काय होते आणि काय नव्हते, हे त्यात असावे. जे शाळेच्या हाती नव्हते त्याचीही नोंद वरिष्ठांपर्यंत पोहोचली पाहिजे. अन्यथा शिक्षकास विचार करावयास शिकवून त्याचा निष्कर्ष ऐकण्यास कोणी नसावे, अशी स्थिती होईल.

बोर्डी-कोसबाडचा वारसा म्हणून अंगणवाडीचे नाव सर्वत्र पोहोचले. ज्या प्रश्नातून ती जन्मली, तो प्रश्न मात्र तितक्या दूरवर गेला नाही. शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांत पाठविल्या जाणाऱ्या छात्राध्यापकास नावापेक्षा त्या प्रश्नाची गरज अधिक आहे. मूल शाळेस का जुळत नाही, हे विचारण्याआधी शाळा मुलास कोठे जुळत नाही, हे विचारण्याची शिस्त अध्यापन विद्यालयांनी अभ्यासक्रमाचा भाग केल्याविना ती गरज भागणार नाही.