मॉन्टगोमेरीचा बस बहिष्कार आणि स्वयंसेवकांच्या समित्या

अमेरिकेतील नागरी हक्कांच्या इतिहासात मॉन्टगोमेरी शहराच्या बस बहिष्काराला मानाचे स्थान आहे. रोझा पार्क्स आणि डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ही नावे आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु हा बहिष्कार ३८१ दिवस टिकला तो चर्चच्या सभागृहांत बसून रोजचे काम वाटून घेणाऱ्या स्वयंसेवकांमुळे. त्यांच्या समित्यांची रचना व कार्यपद्धती यांविषयीची माहिती आम्ही येथे देत आहोत.

पार्श्वभूमी

अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये पुढील जागा श्वेतवर्णीयांसाठी राखीव असत. बसचे बहुसंख्य प्रवासी कृष्णवर्णीय होते, तरी गर्दी झाली की त्यांनाच उठून उभे राहावे लागे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी जागा सोडण्यास नकार दिला व त्यांना अटक झाली. त्याच रात्री महिला राजकीय परिषदेच्या अध्यक्षा, प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांनी हजारो पत्रके छापून घेतली. पत्रके एका रात्रीत निघाली, कारण बहिष्काराचा विचार या महिलांनी बराच आधी केला होता.

५ डिसेंबर रोजी बस रिकाम्या धावल्या. त्या दुपारी ‘मॉन्टगोमेरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशन’ ही स्थानिक संघटना स्थापन झाली आणि अवघ्या २६ वर्षांचे पाळक मार्टिन ल्यूथर किंग यांची अध्यक्षपदी निवड झाली. आरंभीच्या मागण्या अगदी माफक होत्या : प्रवाशांना सौजन्याची वागणूक, जो आधी येईल त्याला जागा (कृष्णवर्णीयांनी मागून व श्वेतवर्णीयांनी पुढून बसत यावे) आणि कृष्णवर्णीय वस्तीच्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक.

समित्यांची रचना

कार्यकारी मंडळाच्या जोडीला वाहतूक, अर्थ, कार्यक्रम, वाटाघाटी व धोरण यांसाठी समित्या नेमण्यात आल्या. त्यांत पाळकांबरोबर शिक्षक, व्यापारी, कामगार व गृहिणी होत्या. पुढे काम वाढल्यावर काही पगारी माणसे घ्यावी लागली, तरी मुख्य भार स्वयंसेवकांनीच वाहिला.

वाहतूक समिती : सर्वांत अवघड काम हिचे होते. हजारो माणसांना रोज कामावर पोहोचवायचे कसे? प्रारंभी कृष्णवर्णीय टॅक्सीचालकांनी बसच्याच भाड्यात, म्हणजे १० सेंटमध्ये, प्रवासी नेले. शहराने ४५ सेंटच्या किमान भाड्याच्या नियमावर बोट ठेवताच तो मार्ग बंद झाला. तेव्हा १९५३ साली बॅटन रूज शहरात झालेल्या बहिष्काराचा अनुभव विचारून घेऊन खाजगी मोटारींची व्यवस्था उभारण्यात आली. सुमारे ३०० मोटारी जमल्या. प्रवासी घेण्याची ठिकाणे व वेळा ठरल्या. पुढे चर्चच्या नावाने मोठ्या मोटारी विकत घेण्यात आल्या. लोक त्यांना कौतुकाने ‘चाकांवरची चर्च’ म्हणत. मोटारींचा विमा वारंवार रद्द होऊ लागला तेव्हा तो लंडनच्या लॉइड्समार्फत मिळवण्यात आला.

अर्थ समिती : पेट्रोल, दुरुस्ती व न्यायालयीन खर्च यांसाठी पैसा लागे. देशभरातून देणग्या आल्या, तशाच गावातल्या छोट्या रकमाही आल्या. जॉर्जिया गिल्मोर या स्वयंपाकीण बाईंनी मैत्रिणींना जमवून केक, पाय व सँडविच विकले आणि ती रक्कम सभेत आणून दिली. विकणाऱ्यांची नोकरी जाऊ नये म्हणून त्यांनी आपल्या गटाचे नाव ‘कुठलाच नसलेला क्लब’ अशा अर्थाचे ठेवले होते. हिशोबाची कसोटीही लागली. जून १९५६ मध्ये संघटनेच्या एका पदाधिकाऱ्यानेच निधीच्या गैरवापराचा जाहीर आरोप केला व आठवड्याभरात भर सभेत तो मागे घेतला. एवढ्याने संघटना फुटू शकली असती. लोकांचा पैसा हाती घेणाऱ्या प्रत्येक समितीने हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

सार्वजनिक सभा : सोमवारी व गुरुवारी वेगवेगळ्या चर्चमध्ये सभा भरे. प्रार्थना व गीते होत, पुढची दिशा सांगितली जाई. दिवसभर पायपीट करून आलेली माणसे येथून बळ घेऊन जात.

कसोटीचे दिवस

३० जानेवारी १९५६ रोजी किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. फेब्रुवारीत १९२१ च्या बहिष्कारविरोधी कायद्याखाली ऐंशीहून अधिक जणांवर आरोप ठेवण्यात आले. त्याच महिन्यात बसमधील भेदभावाविरुद्ध संघराज्य न्यायालयात दावा दाखल झाला. वादी महिलांमध्ये मेरी लुईस स्मिथ ही अठरा वर्षांची कॅथलिक तरुणी होती. रोझा पार्क्स यांच्या आधी, ऑक्टोबर १९५५ मध्येच, तिने जागा सोडण्यास नकार देऊन अटक पत्करली होती.

१३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भेदभाव घटनाबाह्य ठरवणारा निर्णय कायम केला. त्याच दिवशी स्थानिक न्यायालयाने मोटारींच्या व्यवस्थेस मनाई केली. लेखी आदेश येईपर्यंत, म्हणजे २० डिसेंबरपर्यंत, लोक पायी चालले. या काळात समित्या स्वस्थ बसल्या नाहीत. चर्चमध्ये खुर्च्या बसप्रमाणे मांडून, कोणी अपमान केला तरी शांत कसे राहावे याचा सराव घेण्यात आला. २१ डिसेंबरला सर्वजण पुन्हा बसमध्ये चढले.

आपल्यासाठी बोध

पोप तेविसावे जॉन यांनी ११ एप्रिल १९६३ च्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या विश्वपत्रात मानवी हक्क व कर्तव्ये यांची सांगड घातली. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र आदेशपत्र काढले. आपल्या वसईतही फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने सर्वधर्मीयांना बरोबर घेऊन लढा दिला, हे आपण जाणतोच.

प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात असाच एक प्रसंग आहे. रोजच्या अन्नवाटपात काही विधवांची उपेक्षा होत असल्याची तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी त्या कामासाठी सात जणांची नेमणूक केली. अन्यायाची तक्रार ऐकून घेणे आणि त्यावर माणसे नेमणे ही ख्रिस्तसभेची आरंभापासूनची रीत आहे. आपल्या धर्मग्रामांत समित्यांची उणीव नाही. रेशनकार्ड अडलेली विधवा, वेतन थकलेला मजूर, दाखल्याविना शाळेबाहेर राहिलेले मूल यांची तक्रार ऐकण्याचे काम त्यांतील कोणाकडे आहे? तसे कोणी नसेल, तर पॅरिश कौन्सिलच्या पुढील सभेत हा विषय घ्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे.